‘बरं आहे’ असं म्हटलं कोणी?

ताई, माझं वय ६१. सात महिन्यांपूर्वी पेसमेकर बसवला. त्याआधी ठोके ३५ वर यायचे, दोनदा चक्कर येऊन पडले. आता चक्कर नाही, पण रात्री दोन-अडीचला छातीत धडधड सुरू होते. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. मिस्टर म्हणतात, मशीन आहे ना, झोप. सून म्हणते, आई, मनातून काढून टाका. मागे मुलगा पुण्याहून रजा काढून तपासणीला घेऊन गेला, तिथं बरं आहे म्हटलं, झालं. एवढा खर्च करून हे असं. घरात माझं कुणी ऐकतच नाही. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा (पत्र संक्षिप्त केलं आहे.)

बाई, तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. त्यात मिस्टरांना सव्वा पान, सुनेला दीड पान. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, घाईघाईत खरडलेलं ते अर्धं वाक्य: ‘तिथं बरं आहे म्हटलं, झालं.’ मी तिथंच अडकले. कोणी म्हटलं? तुम्हीच ना?

मला तर ते सगळं दिसतंच आहे. छातीवर पेसमेकर तपासायच्या यंत्राचं डोकं ठेवलंय, समोरचा मुलगा स्क्रीनकडे बघत विचारतोय, “काही त्रास, काकू?” आणि तुमचं लक्ष दाराशी उभ्या लेकाच्या घड्याळाकडे. त्याची रजा, त्याची परतीची गाडी. म्हणून “बरं आहे.” मला चार पानं आणि डॉक्टरांना दोन शब्द! तेव्हा मिस्टरांना नि सुनेला मी आज काही बोलणार नाही. जे तुम्ही डॉक्टरांपासून लपवलंत, ते त्यांनी कशाच्या जोरावर खरं मानायचं?

आता ‘मशीन आहे ना’ याबद्दल. पेसमेकर घोड्याला टाच मारतो, लगाम ओढत नाही. ठोके ठरवून दिलेल्या आकड्याच्या खाली (बहुतेकांचा ६० च्या आसपास असतो) जायला लागले की तो ढोसतो. घोडा उधळला तर साधा पेसमेकर त्याला आवरत नाही. त्यामुळे मशीन असूनही धडधड होऊ शकते, आणि ती मनातलीच असेल असं अजिबात नाही.

कधी कारण अगदी किरकोळ असतं. पेसमेकरचं सेटिंग तुमच्या अंगाला मानवत नाही, आणि ते तर बाहेरूनच बदलता येतं, टाका नाही की भूल नाही. कधी ३५ ची सवय झालेल्या माणसाला ६० चे ठोके उशीत ऐकू येतात. पण कधी हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत राहतात, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात त्याला. त्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. म्हणूनच अशा पुष्कळ लोकांना रक्त पातळ करणारी गोळी देतात. तुमचं यातलं कुठलं, हे मी इथं बसून सांगणार नाही. तुमच्या छातीतलं ते यंत्र बहुधा सांगेल, कारण ठोके फार पळाले की त्याची तारीख-वेळ ते टिपून ठेवतं. पण तुम्ही ‘मंगळवारी रात्री अडीचला’ असं सांगितलंत तर ती नोंद ताडून बघता येईल. त्या वेळेला नोंद नसेल, तर तेही डॉक्टरांना कळायलाच हवं.

माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसला तो १९५८ साली, स्टॉकहोममध्ये. आर्ने लार्सन त्या रुग्णाचं नाव. तसं यंत्र तयार मिळतच नव्हतं. त्याची बायको डॉक्टरांच्या आणि इंजिनिअरच्या मागे हात धुऊन लागली, तेव्हा कुठे ते बनलं. ते पहिलं तर काही तासांतच बंद पडलं! पुढे आयुष्यभरात त्याने वीसहून जास्त यंत्रं बदलली आणि ८६ वर्षांचा होऊन गेला, तोही हृदयाच्या दुखण्याने नाही. त्या बाईने ‘बरं आहे’ म्हटलं असतं तर?

सोमवारी सकाळी दवाखान्यात फोन करा, याच आठवड्यातली वेळ मागा आणि जा. लेकाला बोलावू नका. शेजारीण न्या, एसटीत दोघींना अर्धंच तिकीट पडेल. पेसमेकरचं कार्ड घ्या. तोवर कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडता, त्याच चौकोनात धडधडीची वेळ आणि मिनिटं लिहा. ते पानच फाडून न्या. आणि त्या मुलाने “काही त्रास?” विचारण्याआधी तुम्हीच म्हणा, “मागच्या वेळी मी खोटं बोलले.”

मधल्या दिवसांत धडधडीबरोबर घेरी आली, छातीत दुखलं, दम लागला किंवा तोंड-हात वाकडं झाल्यासारखं वाटलं, तर कसली वेळ आणि कसला सोमवार, तडक हॉस्पिटल गाठायचं. मिस्टरांना हलवून उठवा. ‘झोप’ म्हणाले तर ट्यूब लावा.