'डोरियन ग्रे' पहिल्यांदा वाचताना

ऑस्कर वाइल्डची 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' वाचायला घेतलीस, छान केलंस. प्रस्तावना मात्र शेवटी वाच. १८९० साली कादंबरी मासिकात आली तेव्हा टीकाकारांनी तिला अनैतिक ठरवलं. पुस्तक नैतिक किंवा अनैतिक नसतंच, हे वाइल्डचं उत्तर १८९१च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत आलं. डोरियन हा कादंबरीचा देखणा, तरुण नायक; त्याचा मित्र लॉर्ड हेन्री याची चटकदार वाक्यं वहीत उतरवत बसू नकोस, ती डोरियनच्या मनात कशी भिनतात ते बघ. डोरियन जिच्या प्रेमात पडतो त्या नटीचा, सिबिल व्हेनचा प्रसंग सावकाश वाच. तिचा अभिनय फसतो, डोरियन तिला झिडकारून घरी येतो, आणि त्याच्याच चित्रातल्या ओठांपाशी क्रूरपणाची छटा उमटलेली असते. त्याचा स्वतःचा चेहरा मात्र तसाच कोवळा! माझ्या मते सगळी कादंबरी या एका रात्रीत आहे. अकराव्या प्रकरणातली रत्नं-अत्तरांची जंत्री कंटाळवाणी वाटेल, पण गाळू नकोस. त्याचा हव्यास तिथेच कळतो.