न पेरलेलं रोप डसतं तेव्हा

प्रश्न: ताई, विकत आणलेल्या एका कुंडीत, मूळ झाडाच्या बुडाशी, मी न लावलेलं एक रोप उगवलं. पानं तुतीच्या पानासारखी, कातऱ्या कडांची, खोड लालसर. तण समजून उघड्या हाताने धरलं आणि बोटांची आग आग झाली, गांधी उठल्या. आई म्हणते ही खाजकुइली. एका जाणकारांना फोटो दाखवला तर ते म्हणाले, उष्ण प्रदेशातली डंख मारणारी वनस्पती आहे, ‘संभाव्य आक्रमक तण’. तेव्हापासून मी त्या कुंडीच्या जवळ जात नाही. हे प्रकरण कितपत गंभीर?

उत्तर: तुम्ही कुंडीच्या जवळ जात नाही, हीच मला सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते. कारण पुढे सांगते. आधी आईंच्या खाजकुइलीचं मिटवून टाकू. खाजकुइली हा शेंगा धरणारा वेल. खाज आणतात ती त्याच्या शेंगेवरची कुसं, आणि त्यांतलं एक प्रथिन. तुमच्याकडे आलंय ते वेगळ्याच कुळातलं, पान आणि खोड दोन्हीकडून डसणारं. वर्णनावरून मला ते लॅपोर्टिया एस्टुअन्स वाटतं. तुती त्याच्या नात्यातलीच म्हणायची, त्यामुळे पानावरून फसायला होतं. पण फोटो न पाहता शपथ घेणार नाही. तुम्हीच बघा: पानं खोडावर एकाआड एक आहेत का? युरोपातल्या नेहमीच्या डंखाऱ्या वनस्पतीची पानं समोरासमोर जोडीने येतात, याची तशी येत नाहीत. फुलांचे तुरे फांद्याफांद्यांचे, विस्कटलेले आहेत का? आणि भिंगातून पाहिलं तर डंखाच्या केसांशिवाय टोकाला चिकट बोंड असलेले बारीक केसही दिसतात का? तिन्हींना हो म्हणालात तर बहुधा तेच. जुन्या पुस्तकांत शोधायचं असेल तर फ्लूरिया या नावाखाली शोधा. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६३ साली याला अर्टिका म्हटलं, मग ते फ्लूरियात गेलं, आणि १९६५ मध्ये च्यू या वनस्पतिशास्त्रज्ञांनी लॅपोर्टियात आणून बसवलं. तण तेच, पाट्या तीन.

मी एका रोपवाटिकेत बावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी कुंड्यांतलं तण उपटण्यात. या रोपाची माझी ओळखही तुमच्यासारखीच, हाताने झाली. बाहेरून आलेल्या शोभेच्या रोपांच्या ट्रेमध्ये ते होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला लागलं. संध्याकाळी चिडून एक पान सूक्ष्मदर्शकाखाली घातलं आणि राग निम्मा उतरला, इतकी ती रचना देखणी. केसाच्या बुडाशी फुगीर पिशवी, वर निमुळती नळी, टोकाला इवलासा गोळा. टोकाची भिंत सिलिकाची, म्हणजे जवळजवळ काचेची. कातडीला लागताच गोळा तिरका तुटतो, उरलेली नळी इंजेक्शनच्या सुईसारखी आत शिरते आणि दाबाने पिशवीतला रस उतरतो. रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने १६६५ सालीच, भिंग डोळ्याला लावून, अशा केसाने स्वतःचं बोट टोचवून घेतलं होतं. (मी तेवढी शूर नाही, माझं आधीच टोचलेलं होतं.) रसात काय असतं, हे १९४७ मध्ये एमेलिन आणि फेल्डबर्ग यांनी एका युरोपीय भाईबंदाच्या केसांवरून दाखवलं: हिस्टामिन आणि असिटिलकोलिन. म्हणजे आपल्या अंगात गांध उठवणारं हिस्टामिन वनस्पतीने तयारच भरून ठेवलेलं.

म्हणून पुन्हा लागलं तर चोळू नका, चोळल्याने अडकलेले केस आणखी आत जातात. पाण्याने धुवा, कोरडं करा, चिकटपट्टी हलकेच दाबून उचला, मग गार पट्टी. आग बहुतेक वेळा काही तासांत ओसरते. तोंड सुजलं किंवा श्वास जड झाला तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.

आता तुमच्या जाणकारांचा शब्द: ‘संभाव्य आक्रमक तण’, म्हणजे बाहेरून येऊन माजू शकेल असं. ‘संभाव्य’ हा शब्द हवेत फेकलेला नसतो, किमान नसावा. ऑस्ट्रेलियाने १९९७ पासून बाहेरून येणाऱ्या वनस्पतींसाठी ४९ प्रश्नांची एक पद्धत वापरली, पुढे हवाईसह इतरांनीही ती आपापल्या गरजेप्रमाणे बदलून घेतली. उत्तरांना गुण मिळतात. बेरीज ६ च्या वर गेली तर प्रवेश नाही, १ ते ६ मध्ये आली तर आणखी तपास, त्याखाली असेल तर या बसा. मी घरी चहा पिता पिता आपल्या पाहुण्याला त्यातले काही प्रश्न विचारले. दुसरीकडे कुठे तण म्हणून नोंद आहे का? आहे, उष्ण प्रदेशांतल्या शेतांत आणि मळ्यांत. वर्षभराच्या आत पिढी पूर्ण होते का? होते, ते वर्षायू आहे. एकटं रोप बी धरू शकतं का? नर आणि मादी फुलं एकाच झाडावर येतात, तेव्हा जोडीदार शोधावा लागत नाही. सावली चालते का? चालते, ओलसर सावली तर आवडते. मालाबरोबर नकळत प्रवास होतो का? तुमची कुंडी हेच त्याचं उत्तर. माणसाला किंवा जनावराला इजा? बोटांना विचारा.

एवढं सगळं जुळूनही ते सर्रास जंगलं गिळत सुटेल असं मी म्हणणार नाही. विल्यमसन आणि फिटर या अभ्यासकांनी १९९६ मध्ये एक ढोबळ अंदाज मांडला: बाहेरून आलेल्या दहांपैकी एखादी जात मोकळी सुटते, अशा दहांतली एखादी तग धरते, आणि तग धरलेल्या दहांतली एखादी उपद्रवी ठरते. आकडे काटेकोर नाहीत, पण भीतीचं माप घ्यायला बरे पडतात. हे रोप खुरपलेल्या, उकरलेल्या, पाणी मिळणाऱ्या जागी माजतं. दाट, न हललेल्या झाडोऱ्यात त्याचं फारसं चालेल असं मला वाटत नाही.

मग मला काळजी कशाची? आमच्या रोपवाटिकेत तण काढणाऱ्या बायका चपळ होत्या, एका दुपारी दोनशे कुंड्या साफ करायच्या. पण डसणारं रोप दिसलं की ती कुंडी बाजूला, ‘हातमोजे आणल्यावर बघू’. मोजे आठवड्याने आले. तोवर सगळीकडचं तण निघालं होतं आणि हे एकटं तुरे काढून उभं. बी सांडलं, पाणी घालताना शेजारच्या ट्रेमध्ये गेलं. पुढच्या खेपेला चार ट्रे बाजूला काढावे लागले. चूक त्या बायकांची नव्हती, मोजे वेळेवर न देणाऱ्या आम्हा पर्यवेक्षकांची होती. डंखाचा त्याला पानं वाचवायला किती उपयोग होतो ते असो, खुरप्यापासून वाचायला नक्की होतो. म्हणून म्हटलं, कुंडीच्या जवळ जा.

आजच जा, फुलं येण्याआधी. कोपरापर्यंतचे जाड रबरी मोजे घाला, विणलेल्या कापडातून केस आरपार जातात. माती ओली करून रोप मुळासकट उपटा. तुरा आला असेल तर आधी पिशवी वरून अलगद चढवा, मग उपटा, नाहीतर धक्क्याने बी तिथेच सांडेल. पिशवीचं तोंड बांधा आणि टाका, खताच्या ढिगात नको. मातीचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थरही काढा. कुंडी सहा-आठ आठवडे इतर कुंड्यांपासून लांब ठेवा आणि बुडाचं भोक बघत राहा. आमच्याकडे एक रोप तिथून आडवं बाहेर आलं होतं. गवत कापायचं यंत्र मात्र यावर चालवू नका, तुकडे उडतात आणि पाय उघडे असले तर मग कळतं.

ज्यांनी कुंडी विकली त्यांनाही सांगा. भांडायला नव्हे, त्यांच्याकडे आणखी असतील म्हणून. अशा प्रवासाचं एक उदाहरण सांगते: फाटुआ व्हिलोसा नावाचं, दिसायला असंच पण न डसणारं आशियाई तण. अमेरिकेत ते पहिल्यांदा १९६४ मध्ये लुइझियानातून नोंदवलं गेलं, आणि पुढे राज्याराज्यांत पसरलं ते मुख्यतः रोपवाटिकांच्या कुंड्यांतून.

प्रश्न: मी शिक्षक आहे. असं रोप वाळवून मुलांना दाखवायला ठेवलं तर चालेल का?

उत्तर: ठेवा, पण पारदर्शक आवरणात, आणि कागदावर ‘हात लावू नये’ असं ठळक लिहून. पाणी गेलं तरी काचेच्या सुया राहतात. ऑस्ट्रेलियातल्या गिंपी-गिंपी या नातेवाइकाचे संग्रहातले अनेक दशकांपूर्वीचे वाळके नमुनेही डसतात. त्याच्या विषात कोळी आणि शंखगोगलगाय यांच्या विषासारखी प्रथिनं असल्याचं क्वीन्सलँडच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. तुमचं रोप त्या तोलाचं नाही. तरी वर्गात एक तरी हात लावणारा असतोच, मीही तीच होते. नमुन्यावर तारीख, जागा आणि कुंडीत मिळालं की जमिनीत, एवढं नक्की लिहा. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला एक नमुना दिलात तर उत्तमच.

प्रश्न: शिजवल्यावर डंख जातो म्हणतात. भाजी करू का?

उत्तर: उकळल्यावर केस लुळे पडतात हे खरं. पण रोपवाटिकेच्या कुंडीत कोणती औषधं फवारली होती, हे तुम्हाला माहीत आहे का? मग नको.