जुना एसी बदलण्यासाठी एफडी मोडावी का?

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. जानेवारीचं बिल २१० युनिटचं होतं, मे महिन्याचं ४३०. एसी दीड टनी, दहा वर्षांचा. गिझर १५ लिटरचा. ही दोन्ही 'हाय व्होल्टेज' यंत्रं काढून फाइव्ह स्टार घ्यायचा विचार आहे. जुना देऊन एसी ४६ हजार, गिझर १२ हजार. आईच्या औषधपाण्यासाठी ठेवलेली ७ टक्क्यांची एफडी मोडू का?

उत्तर : नका मोडू. मोजल्याशिवाय तर नकाच.

आधी एक खुलासा. घरात व्होल्टेज सगळ्यांना सारखंच, २३० च्या आसपास. गिझर आणि एसी करंट जास्त ओढतात, एवढंच. तुमचा २ किलोवॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर घेतो, त्यामुळे १६ अँपिअरच्या प्लगमध्ये बसणारा, युनिट मोजणारा छोटा मीटर त्याला चालतो. एसीची जोडणी बहुधा थेट असते, तिथे हा मीटर लावता येत नाही. वायरमनचा टंग टेस्टर, म्हणजे वायरला चिमट्यासारखा लावायचा करंट मीटर, त्या क्षणाचा करंट दाखवेल, पण रात्रभरात कॉम्प्रेसर किती वेळ बंद राहिला ते त्याला कळत नाही.

म्हणून घराचाच मीटर वापरा. झोपताना आणि उठल्यावर रीडिंग लिहा. चार रात्री एसी लावून, चार रात्री नुसत्या पंख्यावर. सरासरीतला फरक म्हणजे तुमच्या एसीची खरी भूक. मीटरवर आकडे आळीपाळीने येतात, त्यातला केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) लिहिलेलाच घ्या. पंख्यावरच्या चार रात्री घामाच्या जातील, पण ४६ हजारांचा निर्णय त्यांच्यावर आहे.

तोवर तुमच्या बिलांवरून अंदाज. फरक २२० युनिटचा. पंखे आणि फ्रिजचा वाटा वगळून एसीचे २०० धरू. नवा इन्व्हर्टर एसी त्यातले ८० वाचवेल असं मानू. अनेकांना वाटतं की ३०० च्या वर गेलं की सगळंच बिल महाग होतं. तसं नाही, चढा दर ३०० च्या पुढच्या युनिटांनाच लागतो. त्यामुळे बचतही सरासरी दराने नाही, त्या वरच्या दरानेच धरायची. वीज आकार, वहन आकार आणि वीज शुल्क मिळून ते युनिट मी १६ रुपयांचं धरतोय. तुमच्या बिलावर ताडून पाहा. म्हणजे महिन्याला १,२८० रुपये. एप्रिल, मे आणि मार्च-जूनचे अर्धे अर्धे असे तीन महिने एसी लागतो असं समजलं, तर वर्षाला ३,८४० रुपये.

आणि ४६ हजारांवरचं ७ टक्के व्याज ३,२२० रुपये. वरचे सहाशे रुपये हाच काय तो फायदा, तोही दरवर्षी जुन्या होत जाणाऱ्या यंत्राच्या बदल्यात.

दुकानात बचतीचा आकडा मोठा दिसतो, कारण स्टार लेबलवरचा वार्षिक वापर १,६०० तासांचा असतो. रात्री सहा तास, नव्वद रात्री, म्हणजे तुमचे तास ५४०. लेबल खोटं नाही, ते तुमच्या घराचं नाही. घरातलं कुणी दिवसाही एसीत बसून काम करणार असेल, चार महिने बारा बारा तास, तर हाच एसी साडेचार वर्षांत पैसे फेडेल आणि मी स्वतः तुम्हाला घ्या म्हणेन. एफडी मात्र तेव्हाही मोडायची नाही, दरमहा बाजूला टाकून घ्यायचा.

गिझरचं उत्तर सोपं आहे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला जेमतेम ०.६ युनिट लागतं, गिझर कितीही स्टारचा असो. त्याचे स्टार टाकीतून वाया जाणाऱ्या उष्णतेचे असतात. आंघोळीआधी लावून नंतर बंद करत असाल, तर १२ हजार खर्चून जवळजवळ काहीच वाचणार नाही. दिवसभर चालू राहत असेल, तर आजपासून बटण बंद करा.

आईंच्या औषधांचे पैसे आहेत तिथेच राहू द्या. उन्हाळ्याआधी एसीची कॉइल आणि फिल्टर साफ करून घ्या आणि त्या आठ रात्रींची रीडिंग मला पाठवा. एका रात्रीला दहा युनिटच्या वर फरक आला तर आपण हिशेब पुन्हा मांडू.