चेन आधी पुसा, तेल मग: थंडी सरतानाचे सायकलप्रश्न

महाशिवरात्र झाली की थंडी शिव शिव म्हणत जाते असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, पण सकाळी सायकल काढणाऱ्यांना माहितीये की ती अशी एका दिवसात जात नाही. पहाटे असते, नऊला गायब होते आणि मधेच एखाद्या संध्याकाळी आभाळ भरून येऊन अवकाळी कोसळतो. पुण्यात फेब्रुवारीत पहाटे १२-१३ अंश आणि दुपारी ३२-३३, म्हणजे लांबची राईड असेल तर एकाच राईडमध्ये दोन ऋतू. यावेळचे बहुतेक प्रश्न याच दिवसांतले आहेत म्हणून एकत्रच घेतले.

प्रश्न (नाशिक): दादा, माझी ११ स्पीडची (मागे ११ गिअरची) रोडबाईक आहे, सकाळी त्र्यंबक रोडला जातो. दर रविवारी चेनला भरपूर ऑइल घालतो तरी चार दिवसांत करकर सुरू होते आणि पोटरीवर काळे पट्टे उमटतात. कोणतं ऑइल घेऊ?

ऑइल बदलायच्या आधी सवय बदला, कारण तुमचा त्रास ऑइल कमी पडल्याचा नाहीये, बाहेर जास्त झाल्याचा आहे. चेनला तेल लागतं ते आत, पिन आणि रोलरच्या मधे, जिथे लोखंडावर लोखंड घासतं. बाहेरच्या पट्ट्यांवर जे राहतं ते फक्त धूळ धरून ठेवतं, आणि या दिवसांत रस्त्यावर धूळ किती असते ते मी तुम्हाला सांगायला नको, शिवाय पहाटेचं दव त्यात मिसळतं, मग तेल, माती आणि पाणी यांचं जे काळं मिश्रण होतं ते पॉलिश पेपरसारखं काम करतं, दात आणि पिन दोन्ही खातं. पोटरीवर येतंय ते तेच.

आता करायचं काय ते सांगतो. राईडवरून आलात की बूट काढायच्या आधी जुन्या बनियनचं फडकं घ्या, चेनचा खालचा भाग त्यात मुठीत धरा आणि पेडल उलटं फिरवत राहा, फडक्याची जागा बदलत, ते बऱ्यापैकी स्वच्छ निघेपर्यंत. दोन मिनिटं पण लागत नाहीत. हे प्रत्येक राईडनंतर. तेल मात्र तेव्हाच जेव्हा चेन कोरडी वाजायला लागेल किंवा भिजून आली असेल, आणि ते पण रात्री घालायचं, सकाळी निघताना नाही. चेनच्या आतल्या बाजूने एकेका रोलरवर एकेक थेंब, पूर्ण एक फेरा, मग पेडल थोडा वेळ उलटं फिरवायचं म्हणजे ते आत जातं, रात्रभर तसंच ठेवायचं, आणि सकाळी बाहेरचं सगळं परत पुसून काढायचं. हे शेवटचं पुसणं लोक सोडतात आणि तिथेच सगळं फसतं.

ऑइल कोणतं, तर या सीझनला ड्राय ल्यूब (लावल्यावर वाळून कोरडं राहणारं) पुरे. पाऊस लागला तर ते धुऊन जातं, तेवढ्यापुरतं परत घालावं लागेल, पण वेट ल्यूब (घट्ट, ओलंच राहणारं) या धुळीत दोन दिवसांत लेप होतो, ते जून-जुलैसाठी ठेवा. तेलाऐवजी चेनला मेण, म्हणजे वॅक्स करणारे पण आहेत आणि धुळीत वॅक्सची चेन फारच छान राहते, फक्त पहिल्यांदा चेन काढून तिच्यातलं कंपनीचं ग्रीस अगदी पूर्ण काढावं लागतं, तेवढा वेळ असेल तर जरूर करा. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा कॅन मात्र ल्यूब म्हणून मारू नका, त्याच्या नावातच (डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट) पाणी हटवणं आहे, तेलाचं काम त्याच्याकडून होत नाही.

आणि एकदा चेन मोजून बघा. स्टीलची पट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची असते, म्हणून २४ कड्यांनंतरची पिन बरोबर १२ इंचावर यायला पाहिजे. एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर ११ स्पीडला चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांशपर्यंत गेली असेल तर बहुतेक कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) पण गेली, नवीन चेन जुन्या दातांवर घसरेल, आणि कॅसेट चेनपेक्षा कितीतरी महाग आहे हे वेगळं सांगत नाही.

प्रश्न (पुणे): सकाळी सहाला निघते तेव्हा हात गारठतात, परत येताना घामाघूम. किती कपडे घालावे कळत नाही. आणि सकाळी हवा ८० भरली तर उन्हात टायर फुटेल का?

ताई, फुटणार नाही. हिशोब सोपा आहे, १२ अंशाला ८० पीएसआय भरलेली हवा ३२ अंशाला साधारण ८६-८७ होते, टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा तुम्ही ओलांडत नसाल तर काहीच बिघडत नाही. उलट त्रास दुसरा आहे, लोक दुपारी हवा भरतात आणि पहाटे गार टायर घेऊन निघतात तेव्हा तीच हवा पाच-सात पॉइंट कमी असते, त्यात ट्यूबमधून आठवडाभर थोडी थोडी जातच असते, मग खड्ड्यात ट्यूब रिमला चिमटून दोन शेजारी शेजारी भोकं पडतात. म्हणून निघायच्या आधी गेज लावून बघायची. ६०-७० किलो वजन आणि २८ मिमी रुंदीचा ट्यूबवाला टायर असेल तर ७० ते ८० च्या मधे कुठेतरी, पुढे थोडी कमी, मागे थोडी जास्त. हुकलेस रिम (जिच्या कडेला टायर धरणारा आतला हूक नसतो) असेल तर मात्र ७२ च्या वर जायचंच नाही, कोणी काहीही सांगू दे.

कपड्यांचं म्हणाल तर निघताना पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजलीच पाहिजे, घरातच उबदार वाटत असेल तर जास्त झालं. जाड जॅकेटपेक्षा आर्म वॉर्मर (हातावर चढवायच्या सुट्या बाह्या) आणि पातळ विंडचीटर घ्या, दोन्ही काढून खिशात मावतात. खरी थंडी चढावर वाजत नाही, उतारावर वाजते. सिंहगड चढून वर आलात, अंग घामाने ओलं, आणि तशाच खाली सुटलात की वाऱ्याने पाच मिनिटांत बोटं बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाही, हे धोक्याचं आहे. वर पोचल्यावर चेन उघडी असेल तर बंद करा, मी जर्सीची चेन म्हणतोय, आणि वर्तमानपत्राचा एक दुहेरी कागद छातीवर आत सरकवा. जुने रेसर मोठ्या घाटांच्या माथ्यावर हेच करायचे. खाली आलं की काढून टाका, पण रस्त्यावर नाही, खिशात.

अजून एक, याबद्दल कोणी बोलत नाही. फेब्रुवारीच्या मध्यात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि तुम्ही सोलापूर रोडसारख्या पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावर असाल तर मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्या थेट डोळ्यात ऊन असतं, त्याला तुम्ही दिसतच नाही. उजाडलं म्हणून मागचा लाल दिवा बंद करू नका. शक्य असेल तर सकाळी पश्चिमेकडे जा, पानशेतकडे वगैरे, आणि परत येताना ऊन चांगलं वर आलेलं असू दे.

प्रश्न (कराड): आमच्याकडे साखर कारखाने सुरू आहेत, रस्त्यावर उसाचं पाचट, चिखल आणि दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. पंक्चर तर सारखीच. याला काही उपाय?

गळीत हंगाम संपेपर्यंत रस्ता निवडणं हाच पहिला उपाय. अंधारात त्या रस्त्याने जाऊच नका, कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा सोडा, साधा रिफ्लेक्टर पण नसतो आणि बाहेर आलेला ऊस दिसत नाही. ओव्हरटेक करताना पहिली ट्रॉली संपली म्हणून आत वळू नका, मागे दुसरी असते. ओलं पाचट दिसलं की त्यावर ब्रेक नाही आणि हँडल वळवणं पण नाही, सरळ निघून जायचं. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेला चिखल वाळलेला असतो तोवर नुसता त्रास, दवाने किंवा पावसाच्या चार थेंबांनी भिजला की साबण.

पंक्चरचं कारण बऱ्याचदा बाभळीचा काटा असतो. कडेची बाभूळ छाटतात आणि फांद्या तिथेच पडून राहतात. आपण नवी ट्यूब टाकतो आणि दोन किलोमीटरवर परत बसते, कारण काट्याचं टोक टायरमध्येच असतं, बाहेरून दिसत नाही आणि बोटाला पण लागत नाही. कापसाचा बोळा घ्या आणि टायरच्या आतून सगळीकडे फिरवा, टोक असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. आणि टायर बसवताना त्याच्यावरचं कंपनीचं नाव कायम वॉल्व्हपाशी आणून बसवा, म्हणजे ट्यूबचं भोक सापडलं की टायरवर नेमकं कुठे शोधायचं ते कळतं. मग नेलकटरने ते टोक आतून ओढून काढायचं.

प्रश्न (नागपूर): परवा अचानक गारा आणि पाऊस, सायकल पूर्ण भिजली. घरी आणून बाल्कनीत ठेवली, आता पेडल मारताना कट् कट् आवाज येतो. वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरने धुऊन घेऊ का?

प्रेशर वॉशर नको! पाणी जिथे जायला नको तिथे, म्हणजे बॉटम ब्रॅकेट (पेडलचे दांडे जिथे फिरतात तो भाग), हब (चाकाचा मधला भाग) आणि हेडसेटच्या (हँडल फिरतं त्या सांध्याच्या) बेअरिंगमध्ये, ते जोराने आत घुसवतं आणि ग्रीस बाहेर काढतं. भिजलेली सायकल उभी ठेवून दिली हेच मुळात कारण असणार. सीटच्या दांड्यापाशी पाणी आत उतरतं आणि खाली बॉटम ब्रॅकेटमध्ये साठतं. आता असं करा, सीटची उंची टेपने मार्क करून सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढा आणि सायकल उलटी करून रात्रभर ठेवा (हायड्रॉलिक ब्रेक असतील तर उलट्या सायकलचे लिव्हर दाबू नका), सरळ केल्यावर ब्रेक दोन-चारदा दाबून बघा. फ्रेमच्या तळाला बारीक भोक असेल तर ते चिखलाने बुजलंय का तेही बघा. मग सीटपोस्टला ग्रीस लावून परत बसवा, कार्बनचा असेल तर ग्रीस नाही, कार्बन पेस्ट. पेडल काढून आटे पुसून ग्रीस लावून घट्ट करा, पुष्कळदा कट् कट् तिथूनच येतो. तरी राहिला तर क्रँक (पेडलचा दांडा) हाताने आडवा हलवून बघा, हलत असेल किंवा फिरवताना खरखर लागत असेल तर मेकॅनिककडे.

पण माझी काळजी सायकलपेक्षा तुमची आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भ-मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही, आणि गारांपेक्षा वीज वाईट. रबरी टायर आहेत म्हणून सायकलवर वीज पडत नाही हा समज डोक्यातून काढा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, तिथेच राईड थांबवा. एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी नावाचं ॲप आहे, आपल्या आसपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं, ते फोनमध्ये टाकून ठेवाच.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड): इथे रस्त्यावर मीठ टाकतात. पुण्याहून आणलेली आवडती सायकल डोळ्यांदेखत गंजतेय. मार्चपर्यंत ठेवून देऊ का?

ठेवून द्यायची गरज नाही, पण आपल्याकडचा ‘पुसलं की झालं’ नियम तिथे चालत नाही. मीठ पुसून जात नाही, पाण्यानेच जातं, आणि थंडी कमी झाल्यावर सुद्धा चांगला पाऊस होईपर्यंत रस्त्यावर असतंच. म्हणून आल्या आल्या बादलीभर साधं पाणी वरून हळू ओता, चेन, ब्रेक, तारांची टोकं बसतात ते निपल, सगळीकडे, मग कोरडं करून चेनला वेट ल्यूब. तुमच्याकडे तेच योग्य. अर्धवट ओली सायकल खोलीत हीटरजवळ ठेवलीत तर गंज अजून वेगाने चढतो. स्टीलची फ्रेम आणि ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल तर महिन्यातून एकदा काढून ग्रीस लावा, मिठामुळे दोन्ही एकमेकांत असे जाम होतात की नंतर कापून काढावे लागतात. पूर्ण लांबीचे मडगार्ड लावा, मागच्यांच्या तोंडावर पाणी उडत नाही. तीन अंशांच्या खाली तापमान असेल तर बाहेर पडू नका, सावलीतल्या वळणावरचा बर्फ काळ्या डांबरावर दिसत नाही.

प्रश्न (बारामती): मुलगा आठवीत आहे, क्लासला सायकलने जातो. पाऊस झाला की ब्रेक लागत नाहीत म्हणतो.

रिमवर दाबणारे ब्रेक असणार. ओल्या रिमवर पहिला एखादा फेरा ब्रेक फक्त पाणी पुसतो, पकड त्याच्यानंतर येते, म्हणून त्याला सांगा की लांबूनच हलका ब्रेक धरायचा. रबरी पॅड बाहेर काढून बघा, त्यात चमकणारे ॲल्युमिनियमचे कण रुतलेले दिसतील, ते सुईने टोकरून काढा आणि पॅडवर पॉलिश पेपर घासा. पॅडच्या खाचा संपल्या असतील तर बदला, फार खर्च नाही. रिम स्वच्छ फडक्याने पुसा. त्याच्यावर तेल कधीच जाऊ देऊ नका, दुकानात सगळीकडे तेल मारून देतात तेव्हा तिथे उभं राहून बघा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): पहिली २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांब राईड) करतोय. नवीन टायर, नवीन सीट घेतली आहे, आदल्या दिवशी बसवू का?

टायर आठवडाभर आधी बसवून एक लांब राईड करा, नवी सीट आता नाहीच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास आहेत, तेवढा वेळ अनोळखी सीटवर बसणं म्हणजे शिक्षा. वेळ पुरेसा आहे, घाई फक्त पंक्चरला होते, म्हणून दोन ट्यूब, पंप, तुमच्या स्पीडची मास्टर लिंक (तुटलेली चेन जोडायची सुटी कडी) आणि टायर फाटला तर आतून लावायला चिप्सच्या जाड पाकिटाचा तुकडा. पहाटे अंधारात सुटणार असाल तर दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट लागतं, दिवे आधी रात्रभर चालवून बघा. दुपारी अकरानंतर मराठवाड्याचं ऊन फेब्रुवारीत पण जाळतं आणि सकाळच्या गारव्यात तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीतच नाहीत, मग शंभराव्या किलोमीटरला पेटके. पहिल्या तासापासून दर पंधरा मिनिटांनी दोन घोट, आणि एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू.