मालिकेत जाणाऱ्या नटाच्या छंदाविषयी

कोल्हापूर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

वाहिनीच्या प्रसिद्धी विभागाने मागितलेल्या परिचयपत्राचा मसुदा तू मला तपासायला पाठवलास, तो मी लक्षपूर्वक वाचला. उंची, वजन, येणाऱ्या भाषा, घोडेस्वारी आणि पोहणे, एकांकिका स्पर्धांतली पारितोषिके हे सारे नीट आहे आणि त्यात मला काहीही बदलायचे नाही. छंदांच्या रकान्यात मात्र तू ‘वाचन, प्रवास, संगीत ऐकणे’ असे लिहिले आहेस. रंकाळ्याच्या काठावर, पन्हाळ्याच्या तटावर आणि गंगावेस तालमीच्या कट्ट्यावर बसून तू वर्षानुवर्षे जी चित्रे काढलीस, त्यांचा तिथे उल्लेखही नाही. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारतोस की, दैनंदिन मालिकेत मुख्य भूमिका मिळाल्यावर आता चित्रकला बाजूला ठेवून सारे लक्ष अभिनयावर द्यावे का. तसे करू नकोस, एवढेच माझे उत्तर आहे. पण त्यामागची कारणे तुला पटली नाहीत तर ते उत्तर मुंबईत फार दिवस टिकणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या कामाचे स्वरूप समजून घे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळल्या तर साधारण बावीस मिनिटांचा मजकूर उरतो आणि आठवड्याला सहा, कधी सात भाग दाखवले जातात. म्हणजे पूर्ण लांबीच्या चित्रपटाएवढे चित्रीकरण दर आठवड्याला संपवावे लागते. शिफ्ट बारा तासांची म्हटली तरी मेकअप, केशभूषा आणि घोडबंदर रस्त्यावरची वाहतूक धरली की उरलेल्या दिवसात झोपेपलीकडे फारसे काही बसत नाही. प्रसंगांची पाने अनेकदा त्याच सकाळी हातात पडतात. गुरुवारी टीआरपीचे, म्हणजे प्रेक्षकसंख्येचे, आकडे येतात आणि त्यांवरून कथेचा ट्रॅक वळतो; एखादे पात्र अचानक परगावी जाते, एखादे मरते, कथा पाच-सात वर्षांची उडी घेते. नाटकाच्या तालमीत आपण महिना-दीड महिना एकाच भूमिकेचा आरंभ, मध्य आणि शेवट यांचा विचार करत बसायचो. मालिकेत मात्र तुझ्या पात्राचा शेवट बहुधा ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतो. यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. रोज नव्या पानावर, अपुऱ्या तयारीने, तरीही खरेपणाने उभे राहणे हे कठीण कौशल्य आहे आणि ते साधलेल्या नटनट्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

परंतु या पद्धतीत नटाकडून सतत काढून घेतले जाते आणि त्याच्यात काही भरण्याची सोय कोणीही करत नाही. पैलवानाला मेहनतीइतकाच खुराक लागतो, हे कोल्हापूरच्या मुलाला सांगावे लागू नये. एकाच प्रसंगाचा आधी मास्टर, म्हणजे सगळ्यांना एकत्र दाखवणारा शॉट, होतो, मग समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेला ओव्हर शोल्डर, मग तुझे क्लोज, मग समोरच्याचे क्लोज आणि शेवटी तुझ्या नुसत्या रिअ‍ॅक्शन. वर्षभरात अशा असंख्य रिअ‍ॅक्शन दिल्यावर चेहरा आपोआप ठरावीक वळणे घेऊ लागतो: श्वास रोखणे, भुवया उंचावणे, सावकाश मान वळवणे. दिग्दर्शकाला घाई असते, शॉट ओके होतो आणि ती वळणेच आपला अभिनय आहे असे नटाला वाटू लागते. चांगल्या नटांची अशी पडझड मी जवळून पाहिली आहे. त्यांच्यात प्रतिभा कमी नव्हती. त्यांनी माणसांकडे पाहणे थांबवले होते, एवढेच त्याचे कारण होते.

तुझे पाहणे तुझ्या पेन्सिलीत आहे. गंगावेसमधल्या एका वृद्ध वस्तादांचे तू चित्र काढले होतेस, ते मला आजही स्पष्ट आठवते. चेहरा तू अर्धवटच सोडला होतास, पण गुडघ्यावर टेकलेला हात इतका नेमका होता की त्या माणसाचा सारा थकवा आणि सारी ऐट त्यातून कळत होती. पुढे एका एकांकिकेत तू म्हाताऱ्या शेतकऱ्याची भूमिका केलीस तेव्हा परीक्षकांनी तुझ्या आवाजाची स्तुती केली. मला मात्र तोच हात गुडघ्यावर दिसत होता आणि ती भूमिका कुठून आली हे कळत होते. जी गोष्ट तू अभिनयापासून वेगळी, फावल्या वेळची म्हणून परिचयपत्रातून वगळलीस, तिच्यातून तुझा अभिनय येतो.

आपल्या गावात तर हे नव्याने सिद्ध करण्याचीही गरज नाही. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे आधी नाटक मंडळींचे पडदे रंगवत. त्या रंगांतून आणि यंत्रांच्या वेडातून स्वतः घडवलेला कॅमेरा, महाराष्ट्र फिल्म कंपनी, १९२० चा ‘सैरंध्री’ आणि १९२५ चा ‘सावकारी पाश’ इथपर्यंतची वाट निघाली. त्याच कंपनीत तयार झालेले फत्तेलाल हेही हाडाचे चित्रकार होते. त्यांनी, शांताराम बापूंनी, दामल्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२९ मध्ये याच गावात प्रभात फिल्म कंपनी उभी केली. नटांमध्ये पाहायचे तर चंद्रकांत मांढरे यांच्याकडे पाहा. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांचा हा रुबाबदार नायक आयुष्यभर निसर्गचित्रे काढत राहिला, आणि पुढे स्वतःचे घर व चित्रे त्यांनी शासनाच्या स्वाधीन केली. राजारामपुरीतले ते संग्रहालय तू शाळेच्या सहलीत पाहिले असशील. मुंबईला जाण्यापूर्वी पुन्हा एकदा जाऊन ये आणि या वेळी सावकाश पाहा. ज्याचा चेहरा गावोगावच्या सिनेमाच्या तंबूंत ओळखला जात होता, तो माणूस एका झाडाच्या सावलीचा रंग शोधत किती काळ बसला असेल, याचा तिथे अंदाज येतो. अर्थात त्या काळी स्टुडिओ कलावंतांना मासिक पगारावर ठेवत आणि त्यांना पन्हाळा-जोतिबाच्या डोंगरात हिंडायला सवड मिळे. तुला तेवढी मिळणार नाही, हे मी जाणतो.

म्हणून तुझ्याकडून मी अवाजवी अपेक्षा ठेवत नाही. पहिले दोन-तीन महिने तुझ्याकडून एकही चित्र होणार नाही. लॅपल माइक सांभाळून बोलणे, खुणेच्या जागेवर न बघता थांबणे, कॅमेऱ्यासाठी नजर किंचित चीट करणे, म्हणजे समोरच्याऐवजी थोडी कॅमेऱ्याकडे वळवणे, एका शॉटमध्ये कप कोणत्या हातात होता ते पुढच्या शॉटपर्यंत लक्षात ठेवणे, यांतच तुझे सारे लक्ष जाईल आणि जायलाही हवे. त्यानंतर लक्षात येईल की सेटवर नटाचा निम्मा वेळ वाट पाहण्यात जातो. प्रकाशयोजना बदलते, विमान जाईपर्यंत साउंडवाले थांबवतात, सहकलाकाराच्या साडीची पिन निघते. बहुतेक जण त्या वेळात मोबाइल पाहतात. तू खिशात मावेल एवढी वही ठेव आणि स्पॉट दादा, लाइटची माणसे, मेकअप रूमच्या दारात डुलकी घेणारा चालक, यांना काढत जा. रंगांचा पसारा नको, पेन्सिल पुरे. मात्र प्रसंगाआधीची दहा मिनिटे वही बंद असावी, कारण समोरचा कलाकार त्या वेळी तुझ्याकडून सोबतीची अपेक्षा करत असतो आणि ती त्याला मिळाली पाहिजे.

प्रसिद्धी विभागाला तुझ्या चित्रांचा सुगावा लागला की ते त्यांचे रील मागतील. तू रंगवतोस, मागे मालिकेचे शीर्षकगीत वाजते, शेवटी चित्रातून नायिकेचा चेहरा उमटतो, असे काहीतरी ते सुचवतील. ते त्यांचे काम करत असतात, त्यांच्यावर रागावू नकोस. वर्षातून एक-दोनदा हो म्हणायलाही हरकत नाही. पण वही कोणाच्या हाती देऊ नकोस. लोकांना दाखवण्यासाठी चित्र काढू लागलास की तिथेही ठरावीक वळणे येतील, आणि मग तुला परतायला जागा उरणार नाही. परिचयपत्रात ‘चित्रकला’ एवढा एक शब्द लिही. तो खरा आहे आणि पुरेसा आहे.

आता नावाविषयी. ‘तुझ्यात जीव रंगला’चे चित्रीकरण वसगड्याला सुरू असताना आपल्या भागात काय वातावरण होते, ते तू पाहिले आहेस. मालिका २०१६ ते २०२१ चालली, आणि आजही लोक तिच्यातल्या नायकाचे काम केलेल्या नटाला आधी राणादा या पात्राच्या नावानेच ओळखतात. प्रेक्षक रोज संध्याकाळी तुला आपल्या जेवणाच्या पंगतीत घेतात, हे प्रेम फार मोठे आहे. रस्त्यात कोणी पात्राच्या नावाने हाक मारली तर आनंदाने थांबत जा. परंतु मालिका संपते त्या दिवशी ते नावही हळूहळू परत द्यावे लागते. वाहिन्या बराच काळ गाजलेला चेहरा लगेच दुसऱ्या भूमिकेत घ्यायला कचरतात, त्यामुळे मोठ्या यशानंतरच अनेकदा मोठी रिकामी जागा येते. त्या महिन्यांत तुझ्या नावावर पात्राखेरीज काय असेल, याची तजवीज मालिका चालू असतानाच करावी लागते.

पैशांचे थोडक्यात सांगतो. मानधन दिवसाच्या दराने ठरते आणि ते बहुधा तीन महिन्यांनी, दहा टक्के कर कापून हाती येते. म्हणून जाताना निदान चार महिन्यांचे भाडे व खर्च जवळ असू दे आणि विवरणपत्र दरवर्षी वेळेवर भर. पहिल्या वर्षी गाडी घेऊ नकोस. रिकाम्या काळात निवडीचे स्वातंत्र्य शिल्लक रकमेतून येते, आणि निवड करता आली नाही तर नट पुन्हा त्याच साच्यातली भूमिका स्वीकारतो.

नाटकाशी नाते तोडू नकोस, हे सांगताना माझे मन जड होते. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेले आपले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्याच जयंतीच्या पूर्वसंध्येला जळाले, आणि तुझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांची पहिली भूमिका ज्या रंगमंचावर झाली तो डोळ्यांसमोर गेला. तरीही संस्था मिळेल त्या सभागृहात तालमी करत आहेत आणि राज्य नाट्य स्पर्धेची तयारी थांबलेली नाही. तुला सलग महिनाभर तालमीला येता येणार नाही, पण दोन-तीन महिन्यांतून एकदा सुट्टी मिळाली की रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धर आणि एक दिवस तालमीत नुसता बसून जा. नव्या मुलांना कॅमेऱ्यासमोरचे चार धडे दे आणि त्यांच्याकडून आवाज पुन्हा शेवटच्या रांगेपर्यंत नेण्याचा सराव घे.

करारनामा आला की सही करण्यापूर्वी त्याची प्रत मला पाठव. माझ्या ओळखीच्या वकिलांना दाखवून घेऊ. महिन्याला किमान किती दिवसांच्या कामाची हमी आहे, मालिका संपल्यावर किती काळ दुसऱ्या वाहिनीवर काम करता येणार नाही, आणि नाटकाच्या प्रयोगांना परवानगी आहे की नाही, ही तीन कलमे आधी वाच. चौथे कलम तुझ्यासाठी विशेष महत्त्वाचे आहे: करारकाळात तू निर्माण केलेल्या इतर कलाकृतींवर त्यांचा हक्क राहील, अशा अर्थाचे एखादे वाक्य कुठे दडलेले असेल तर ते काढून घ्यायला सांग. नम्रपणे सांग, पण ते निघाल्याशिवाय सही करू नकोस.

तुझा,
सर