"ह्यांना खरं सांगू नका, खचतील"

मणक्याला मार लागलेल्या पेशंटच्या घरचे माझ्याकडे समुपदेशनाला आले की हेच वाक्य. "मॅडम, चालता येणार नाही हे ह्यांना सांगू नका." इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकते.

एक सरपंच होते (ओळख पटेल असं काही लिहीत नाही), एकेकाळचे नावाजलेले कबड्डी रेडर. बाईकचा अपघात झाला आणि कमरेखालचं सगळं बधिर. घरात सगळे "होईल हो बरं" म्हणत राहिले आणि हे खोलीबाहेर पडेनात. "आधी उभा राहतो मग गावात जातो, खुर्चीतल्या सरपंचाचं कोण ऐकणार?"

माझं ठाम मत आहे, माणूस दुखापतीने अडकतो त्याहून जास्त "पूर्वीसारखं झालंच पाहिजे" या हट्टाने अडकतो.

खेळाडूला खेळाडूचंच पटतं म्हणून त्यांना क्रिस्टिना फोगलबद्दल सांगितलं. जर्मनीची ट्रॅक सायकलिस्ट, २०१२ आणि २०१६ ला ऑलिंपिक गोल्ड, ११ वेळा वर्ल्ड चॅम्पियन. जून २०१८ मध्ये कॉटबुसला सराव करताना दुसऱ्या सायकलस्वारावर आदळली. आपले शूज कोणीतरी घेऊन जाताना तिला दिसले पण पायातून काढलेले जाणवलेच नाहीत, तिथेच तिला कळलं की चालणं संपलं. सप्टेंबरमध्ये ती व्हीलचेअरवर पत्रकारांसमोर आली आणि मे २०१९ मध्ये एअरफुर्ट शहराच्या कौन्सिलवर निवडून पण आली.

ते बराच वेळ गप्प. मग बायकोकडे बघून म्हणाले, "मला पण माहितीये गं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."
"मला तर डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं."

दोघं एकमेकांसाठी खोटं धरून बसलेले! खूप रडले, मी रडू दिलं. आणि डोळे पुसून विचारतात काय, "ऑफिसला पायऱ्या आहेत, खुर्ची वर न्यायची कशी?" इतके दिवस फक्त पायांचं बोलणारा माणूस पायऱ्यांचं बोलला, ह्या क्षणासाठीच मी हे काम करते. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात, त्यातून रॅम्पचा ठराव त्यांनी स्वतःच मांडला.

तर घरच्यांनो, पेशंटला बहुतेक वेळा कळलेलं असतं. डॉक्टरांना त्याच्यासमोरच स्पष्ट बोलायला सांगा. फिजिओ चालूच ठेवा, कूस बदलायला विसरू नका, बेडसोअर (एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा) फार छळतात. आणि "जगायचंच नाही" असं बोलला तर माझ्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे न्या.