‘असं काहीतरी’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ६८ टक्के आहेत. आम्ही बीएड ठरवलं आहे. ती मात्र समुद्रातला गाळ, त्यातले धातू, असं काहीतरी म्हणते. मी बँकेत आहे. नाशिकला समुद्र कुठे आहे? आणि गाळात शिसं किती हे मशीनच सांगतं, त्यासाठी दोन वर्षं घालवायची? तिला समजवा.
– एक वडील, इंदिरानगर

उत्तर : ६८ टक्क्यांची मला काळजी नाही. खटकलं ते ‘असं काहीतरी’. वीस वर्षांची मुलगी घरात एक विषय घेऊन येते आणि तुम्ही त्याचं नावही विचारत नाही. ‘आम्ही ठरवलं’ यात ती नाहीच. मनाविरुद्ध बीएड केलेल्या बाईंच्या वर्गात बसणाऱ्या पोरांचंही मला वाईट वाटतं.

आता मशीनचं. मशीन एकूण आकडा सांगतं. पण घरात पन्नास लाख आहेत म्हटल्यावर तुम्ही बँकवाले काय विचाराल? खिशात किती, एफडीत किती, गावच्या जमिनीत किती? शिशाचंही तसंच. काही गाळाच्या कणांना नुसतं चिकटलेलं असतं, ते मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात सुटतं. शंखशिंपल्यांच्या कार्बोनेटमधलं सौम्य आम्लात सुटतं. लोह-मँगनीजच्या ऑक्साइडमध्ये अडकलेलं म्हणजे एफडी, प्राणवायू संपला की मोडते. सेंद्रिय पदार्थातल्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. खनिजातच बसलेलं शिसं म्हणजे गावची जमीन, हायड्रोफ्लोरिक आम्लाशिवाय हलत नाही. टेसिए या रसायनशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ही पाच पायऱ्यांची पद्धत मांडली. आकडा तोच, पण माशांना धोका किती, हे कप्प्यावर ठरतं. शिवाय कप्पे काटेकोर नसतात. एका पायरीत सुटलेलं शिसं दुसरीकडे जाऊन पुन्हा चिकटतं. ते ओळखायला माणूस लागतो.

आणि समुद्र? त्र्यंबकला उगम पावणारी गोदावरी आपल्या बेसॉल्टची माती बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते. त्या तळाच्या गाळात नाशिकही आहे.

एमएस्सीसाठी जॅम किंवा सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षा आहेत, गोवा विद्यापीठाची चौकशी करा. पुढे नेट परीक्षा आणि पीएचडी, गोव्यातच दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. गुळगुळीत बोलत नाही : प्रकल्पावरच्या नोकऱ्या कंत्राटी असतात, स्थिर व्हायला तिशी उजाडते. स्थळांची घाई असेल तर हे तुम्हालाच जड जाईल, तिला नाही.

म्हणून सुट्टीत तिला सातपूर-अंबडच्या एखाद्या तपासणी लॅबमध्ये महिनाभर काम मिळतं का बघा. आम्लात नमुने विरघळवणं, काचसामान धुणं, कोरा नमुना (म्हणजे गाळ न घालता नुसती रसायनं) चालवणं. याच कामाचा कंटाळा आला तर ती स्वतःच माघारी फिरेल. नाही आला, तर हेच हात गाळालाही चालतात आणि खाद्यपदार्थांतले जड धातू तपासणाऱ्या लॅबलाही.

तिला मी समजावणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाठवण्याआधी वाचू मात्र नका.